डाव्या कानाशी

गिरगाव, मुंबई
९ डिसेंबर १९५९

चिरंजीव हेरंब,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा आलं. बेळगावला थंडी पडली आणि तू अजून एकाच चादरीवर निभावतो आहेस हे वाचून मला राग आला. मी विणलेला करडा स्वेटर ट्रंकेच्या तळाशी असेल, तो काढ. विमा कंपनीत साहेब कितीही मोठा झाला तरी थंडी वाजतेच.

इकडे सगळे ठीक. शेजारच्या शामरावांच्या कौसल्येचं लग्न ठरलं, मुलगा अँटॉप हिलला सरकारी वसाहतीत राहतो. हिंदमाताला साड्यांच्या खरेदीला मलाच नेलं होतं. कौसल्या प्रत्येक साडी अंगावर टाकून विचारायची, "माई, जाडी दिसते का?" आणि शामराव बाहेरून ओरडायचे, "अगं, साडीला कशाला दोष देतेस!"

वर्तमानपत्रात रोज येतं की मुंबईसह महाराष्ट्र होणार. वाडीतली मुलं आतापासूनच पताकांचा कागद गोळा करताहेत. चार वर्षांपूर्वी ह्याच मुलांच्या मागे पोलीस लागले होते आणि मी आपल्या न्हाणीघरात दोघांना लपवलं होतं, आठवतं? तुझं बेळगाव मात्र नव्या नकाशात नाही म्हणतात. म्हणजे तू आमच्यासाठी परराज्यातलाच राहणार.

जयवंतची, तुझ्या बाबांची, तब्येत तशीच आहे. पाठ पूर्वीसारखी ठणकत नाही, कारण ती आता एक सबंध काठी झाली आहे. मान दिवसेंदिवस छातीकडे झुकते. समोरच्याच्या चेहऱ्यापर्यंत त्याची नजर पोचत नाही, म्हणून तो माणसं पायांवरून ओळखतो. परवा दूधवाला नव्या चपला घालून आला तर जयवंत त्याला म्हणाला, "कोण पाहिजे आपल्याला?" मी हसले, दूधवाला हसला, मग जयवंतही हसला. जरा उशिरा हसला.

त्याचं नाटक कंपनीचं काम हल्ली कमी आहे. ऑर्गनवर मी खोळ घालून ठेवली आहे, धूळ फार बसते. रेडिओ मात्र सारखा चालू असतो. शामराव म्हणतात, "जयवंतराव, तुमचा रेडिओ परळपर्यंत जातो, मी माझा विकून टाकतो."

तू लिहिलंस की सकाळी उठताना पाठ आखडते आणि चाललं की सुटते. खाणावळीतली खाट सुंभाची असणार. फळीवर झोपत जा.

तू गेल्यापासून दोन गणपती झाले. त्याआधीच्या गणपतीबद्दल तू लिहीत नाहीस, मीही लिहिणार नाही. एवढंच विचारते. गातोस का रे कधी? अंघोळ करताना तरी?

तुझी आई असती तर तिने हे विचारलं असतं. ती नाही म्हणून मी विचारते. रागावू नकोस.

तुझी
माईआत्या

—

गिरगाव, मुंबई
६ मार्च १९६०

चिरंजीव हेरंब,

आशीर्वाद. तुझी दोन पत्रं आली आणि मी उत्तर दिलं नाही. कौसल्येचं लग्न होतं असं लिहायला बसले होते. पण लग्न दोन दिवसांचं असतं.

मागच्या पत्रात मी तुला सांगितलं की ऑर्गनवर धूळ बसते म्हणून खोळ घातली. ते खरं नाही. खरं काय ते सगळं आज लिहिते. जयवंतने मला लिहू नकोस म्हणून बजावलं आहे. तो माझा धाकटा भाऊ आहे, त्याचं किती ऐकायचं ते मी ठरवते.

तुझ्या बाबांना ऐकू येत नाही.

हे आजचं नाही. कधी सुरू झालं ते त्यालाही सांगता येत नाही. आधी कानात बारीक शिट्टी वाजायची, त्याला वाटायचं शेजारी चहाचं आधण ठेवलं आहे. पाठीसाठी तो मूठ मूठ अॅस्पिरिन खातो हे तुला माहीत आहे. परळच्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, या गोळ्यांनीही कान वाजतात, काही आठवडे बंद करून बघू, कदाचित ऐकू यायला लागेल. पण पाठ फार दुखेल, सोसवेल का? जयवंत लगेच म्हणाला, "पाठ न्या. कान ठेवा."

हेरंब, ते आठवडे मी तुला लिहू शकत नाही. तो आडवा होऊ शकत नव्हता. खुर्चीत बसून, समोरच्या टेबलावर उशी ठेवून, तिच्यावर कपाळ टेकून झोपायचा. तोंडात पंच्याचा बोळा. सकाळ झाली की बोळा काढून मला म्हणायचा, "बोल काहीतरी." मी बोलायची. तो म्हणायचा, "आज जरा बरं वाटतंय कानाला." मी रोज तेच वाक्य बोलते हे त्याला कळलं नाही.

कान परत आले नाहीत. गोळ्या परत सुरू केल्या.

डॉक्टरांनी सुराचा एक लोखंडी काटा टेबलाच्या कडेवर वाजवून त्याच्या कानाशी धरला. मग कानामागच्या हाडावर टेकवला. तसाच काटा आमच्या कॉन्व्हेंटमध्ये पियानो शिकवणाऱ्या सिस्टरच्या कमरेला असायचा. जयवंतने तर जन्मभर अशाच काट्याच्या सुरावर लोकांच्या बाजाच्या पेट्या मिळवल्या. डॉक्टर म्हणाले, "थांबला की सांगा." तो म्हणाला, "वाजवा ना आधी."

डॉक्टर तरुण आहेत, पण गोड बोलून फसवत नाहीत. म्हणाले, "माई, पाठीच्या या दुखण्यात डोळ्यांना सूज येते हे आम्हाला ठाऊक आहे. कानाबद्दल पुस्तकात मला काही सापडत नाही. पण अशाच पाठीचा आणखी एक माणूस माझ्याकडे येतो, त्याचेही कान असेच गेले. आतली नस आहे. तिला औषध नाही." मी विचारलं, यंत्र लावलं तर? म्हणाले, आवाज मोठा होईल, स्पष्ट होणार नाही. लावून बघितलं. जयवंत म्हणाला, "पत्र्यावर चिंचोके पडताहेत," आणि काढून ठेवलं.

इतर बहिऱ्या माणसाला निदान समोरच्याच्या ओठांकडे बघता येतं. कोणी मागून हाक मारली तर मान वळवता येते. याला दोन्ही नाही. त्याच्याशी बोलायचं म्हणजे मी जमिनीवर बसते आणि खालून त्याच्या तोंडाकडे बघत बोलते. सत्तावन्न वर्षांची बाई दिवसातून कितीदा जमिनीवर बसते आणि उठते, तूच बघ येऊन.

आता ते सांगते, ज्यासाठी हे पत्र आहे.

गेल्या महिन्यात एका दुपारी शामराव त्याला इस्पितळात घेऊन गेले होते. घरात मी एकटी. ऑर्गनवरची खोळ काढली आणि बसले. लहानपणी सिस्टरने शिकवलेली एक प्रार्थना मला अजून येते, तीच वाजवली. खालची सप्तकं बरी होती. हात वर गेला तसा सूर चढायला लागला. वरचा सा ऐकून माझे दात आंबले. वाटलं, माझेच कान म्हातारे झाले. पुन्हा वाजवलं. मग मागची फळी काढली.

आतले पितळी सूर, त्या बारीक पट्ट्या, टोकाशी खरवडलेले होते, हेरंब. वरच्या सप्तकातला एकही सोडलेला नव्हता. कानस तिथेच, फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती.

त्याला वरचे सूर उतरलेले ऐकू यायला लागले होते. त्याच्या मनात आलंच नाही की कान उतरला असेल. त्याने ते चढवायला घासले. आणखी उतरले वाटले, आणखी घासले. घासलेलं पितळ परत भरून येत नाही, हे त्यानेच तुला लहानपणी शिकवलं होतं.

मी तशीच वाजवत बसले होते, सूर कुठून कुठपर्यंत चढले ते बघत. उठून वळले तर तो दारात उभा. आत कधी आला मला कळलं नाही. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं, पण भात्यावर चालणारे माझे पाय दिसले होते.

म्हणाला, "वरचा सा दाब."

मी दाबला.

"काय ऐकू येतं?"

मी जमिनीवर बसले आणि त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "चढा आहे, जयवंत. फार चढा आहे."

त्याने ऑर्गनचं झाकण हळूच लावलं. मग म्हणाला, "म्हणजे पोरगा बरोबर होता."

आता तो गणपती आठव. मला तर रोज आठवतो. मांडवात सगळी वाडी बसली होती, तू आजोबांची भूपातली चीज म्हणत होतास आणि जयवंत साथीला. वर गेलास आणि तो थांबला. ऑर्गनचं झाकण आपटून म्हणाला, "खाली ये. वरचा सा लागत नाही तुझा. लोकांनी कान काय भाड्याने आणलेत?" आणि वाडी हसली. सगळ्यांना खरंच वाटलं की तू सूर सोडलास, कारण तुझा आणि ऑर्गनचा सूर एकमेकांना खात होता. ऑर्गन चुकेल असं कोणाच्या मनात कसं येणार? गिरगावातल्या अर्ध्या पेट्या जयवंतच्या कानावर मिळवलेल्या. मलाही वाटलं, पोरगा घाबरला असेल.

तू बेसूर नव्हतास. एकोणीस वर्षांचा होतास, बाप चुकीचा सूर देत होता आणि तुझा गळा खऱ्या सुरावर उभा होता. गळ्याला कळलं होतं, फक्त तुला कळलं नव्हतं.

मी जयवंतला म्हटलं, आजच्या आज हेरंबला लिहिते. तो म्हणाला, "नको. कळलं तर तो येईल. माझ्यासमोर बसून गाईल. आणि मी काय ऐकणार?"

मी तरी लिहिते, कारण डाव्या कानात अजून थोडं आहे. जाडा आवाज, जवळून, हळू बोललेला. वरचं गेलं, खालचं आहे. तू खर्जात म्हण. त्याच्या डाव्या बाजूला बस, अगदी कानाशी, आणि एकदा त्याला ऐकव. माफी मागायला लावायला नाही, नुसतं ऐकवायला.

रजा मिळेल तशी ये, पण लवकर मागून घे.

वाट बघणारी
माईआत्या

ता. क. पाठीचं पुन्हा लिहिलं आहेस. आल्यावर बोलू.

—

गिरगाव, मुंबई
१५ मे १९६०

चिरंजीव हेरंब,

पोचल्याचं पत्र मिळालं. तू विसरलेला करडा स्वेटर धुऊन ठेवला आहे. मे महिन्यात स्वेटर कशाला घेऊन आलास ते मी विचारलं नव्हतं. मला दाखवायलाच आणला होतास ना?

वाडीत अजून पताका आहेत. उन्हाने लाल रंग उडून गुलाबी झाल्या. मुलं म्हणतात आणखी महिनाभर काढणार नाही, महाराष्ट्र काय रोज होतो का. शामराव प्रत्येक पाहुण्याला सांगतात की आता सगळं ठीक होईल. झालं तर मलाही हवं आहे.

मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली, ती तुला इथे आल्यावर कळलीच. मार्चमध्ये लिहिलं तेव्हा डाव्या कानात खरोखर थोडं होतं. एप्रिलमध्ये तेही गेलं. एका सकाळी मी "चहा" म्हटलं आणि तो म्हणाला, "आज बोलत नाहीस का माझ्याशी?" तुला रजा महिनाअखेरीशिवाय मिळत नव्हती. तसं लिहिलं असतं तर तू आला असतास का, मला माहीत नाही. म्हणून लिहिलं नाही.

एक तारखेची सकाळ तू पाहिलीस. नाक्यावर सनई पहाटेपासून चालू होती, लोक एकमेकांना पेढे भरवत होते. जयवंत नवा सदरा घालून खिडकीशी बसला होता आणि मला विचारत होता, "सनई कधी सुरू होणार गं?" तू तेव्हा दाढी करत होतास. वस्तरा थांबलेला मी आरशात पाहिला.

त्या दुपारचं लिहू नये असं वाटतं. पण आपण दोघं तिथे होतो आणि दोघंही एकमेकांशी त्याबद्दल बोललो नाही. कोणीतरी लिहिलं पाहिजे.

तू त्याच्या डाव्या बाजूला बसलास, मी सांगितलं होतं तसं. त्याने तुझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तू भूप सुरू केलास. अडीच वर्षं बंद असलेला गळा, सुरुवातीला खरखरला, मग मोकळा झाला. वाडीतल्या बायका जिन्यात येऊन उभ्या राहिल्या, तुझी पाठ तिकडे होती म्हणून हे तुला दिसलं नसेल. जयवंत तुझ्या गुडघ्यावर ताल धरून होता. मी समोर जमिनीवर बसले होते, म्हणून मला त्याचा चेहरा दिसत होता. डोळे मिटलेले होते.

वरच्या सा पाशी तू आलास आणि तुला तो लागला नाही. बेसूर झाला असं नाही, आवाजच आला नाही. तू थांबलास. खोलीत काही नव्हतं, बाहेरची सनई सोडून. जयवंतची बोटं मात्र चालू होती. एक आवर्तन झालं, समेवर त्याने मान हलवायचा प्रयत्न केला, जेवढी हलते तेवढी, आणि म्हणाला, "वा. लागला. सुरात लागला, पोरा."

ती चीज त्याला पाठ आहे. तो सा कुठे येतो ते त्याला ठाऊक आहे. त्याने तो तिथे ऐकला.

तू माझ्याकडे बघितलंस. मग वाकून त्याच्या पायांवर डोकं ठेवलंस. बरं केलंस. एवढंच त्याला दिसतं.

तू गेल्यापासून तो खूष आहे. शामरावांना सांगतो, पोराचा आवाज बापापेक्षा गोड आहे. शामरावांना जिन्यातून ऐकलेलं सगळं माहीत आहे. ते फक्त त्याच्या खांद्यावर थोपटतात. खोटं बोलायचीही गरज नाही आता, ऐकू कोणाला येतंय.

आता तुझ्या पाठीचं. आल्यावर बोलू म्हटलं होतं आणि बोलले नाही.

निघायच्या दिवशी सकाळी मी चूल पेटवत होते. तू उठताना मला पाहिलं नाहीस. तू सरळ उठून बसला नाहीस. आधी कुशीवर वळलास, मग हाताने ढकलून अंग वर घेतलंस, पाय खाली सोडलेस, आणि भिंतीला हात लावून उभा राहिलास. बराच वेळ. मग हळूहळू चालायला लागलास आणि मला बघून हसलास, "काय माईआत्या, चहा झाला का?" मी म्हटलं, झाला. आपल्याकडे खाट सुंभाची नाही, हेरंब. तू फळीच्या पलंगावर झोपला होतास.

जयवंतला तेविसाव्या वर्षी असंच सुरू झालं. आमची आई त्याला म्हणायची, थंडीने आखडत असेल, स्वेटर घाल. मी तुला खाट बदल म्हटलं ते तिच्याच तोंडचं होतं, वस्तू तेवढी वेगळी.

मला वाटलं होतं, निदान त्याला तरी हे कळणार नाही. काल संध्याकाळी मी त्याच्या पायांना तेल लावत होते. अचानक म्हणाला, "माई, तो निघाला त्या सकाळी त्याचे पाय बघितलेस?"

मी हातावर आणखी तेल घेतलं.

"खाली आले आणि थांबले. भिंतीशी. बोटं जमिनीला अशी धरून. माझे असेच थांबायचे."

मी त्याच्या डाव्या कानाशी गेले आणि मोठ्याने म्हटलं, "प्रवासाने दमला होता." त्याला ऐकू आलं नाही. मी पुन्हा म्हटलं नाही. तेल लावत राहिले.

थोड्या वेळाने तोच म्हणाला, "त्याला लिहू नकोस." मग म्हणाला, "नाही, लिही."

म्हणून लिहिते आहे. तिथल्या मोठ्या डॉक्टरकडे जा, पाठीचा एक्स-रे फोटो काढून घे. ते काय म्हणतील ते मला जवळजवळ पाठ आहे, तरी जा. वाकडा बसू नकोस, रोज भिंतीला पाठ लावून उभा राहात जा. जयवंतने ते केलं नाही. केलं असतं तर काय झालं असतं, ते मी डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांनी पुढची चिठ्ठी लिहायला घेतली. कानाचं मी विचारलंच नाही. ज्यांची पाठ जाते त्या सगळ्यांचे कान जात नाहीत, एवढं त्यांनी आपणहून सांगितलं. ते मी रोज देवासमोर म्हणते, सिस्टरच्याही आणि आपल्याही.

आणि गात जा. मला सांगायला दुसरं काही उरलेलं नाही. सकाळी पाठ सुटायच्या आधी, पडल्या पडल्या एक सा लावत जा आणि तंबोऱ्याशी ताडून बघ. जितकी वर्षं जुळेल तितकी जुळू दे. ज्या दिवशी तंबोरा तुला उतरलेला वाटेल, त्या दिवशी खुंटीला हात लावू नकोस. आणि घरात कोणी लहान मूल गात असेल, तर त्याला काही बोलू नकोस.

ऑर्गन मी विकलेला नाही. खालची सप्तकं बरी आहेत. कधी कधी दुपारी वाजवते. तो समोर बसतो आणि माझे पाय बघतो.

अजून ऐकू येणारी
तुझी माईआत्या